एल, आय आणि फॉरमॅट

'फॉरमॅट मारणे' हा आता अस्सल मराठी वाक्प्रचार झालाय. तो घराघरांत कसा शिरला याचा अख्खा इतिहास लिहायचा तर पुस्तकच होईल. त्यातलं एक प्रकरण मात्र मला फार आवडतं (आणि तितकाच रागही येतो). ते प्रकरण म्हणजे 'एल आय'.

तर मंडळी, १९९६ पासून 'पीसीक्वेस्ट' मासिक आपल्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी देऊ लागलं. त्यामागे अतुल चिटणीस (१९६२-२०१३) यांचा मोठा हात होता. ५६ केच्या मोडेमवर अख्खी सीडी उतरवायची तर घरचा फोन दिवसभराहून जास्त वेळ अडकला असता, त्यामुळे मासिकातली सीडी म्हणजे पर्वणीच. पण घरात कॉम्प्युटर एकच, तोही लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून जोडलेला. त्यावर विंडोज ९८, बाबांची पत्रं, कुणाचा तरी बायोडेटा, गेम्स. लिनक्स शिकायची हौस असलेला प्राणी शहाणपणाने विंडोजला हात न लावता डिस्कच्या मागच्या रिकाम्या जागेत लिनक्स टाकायचा. तासाभराने 'अभिनंदन' वगैरे यायचं, मशीन रीस्टार्ट व्हायचं आणि काळ्या स्क्रीनवर वर डावीकडे दोनच अक्षरं उमटायची: एल आणि आय. मग शांतता. लिनक्स नाही आणि विंडोजपण नाही!

ही अक्षरं म्हणजे 'लिलो' या बूटलोडरच्या नावाची अर्धी सही. वेर्नर आल्म्सबर्गर यांनी लिहिलेला हा प्रोग्राम १९९२ पासूनचा. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये जागा असते ५१२ बाइट. त्यातले ६४ पार्टिशनच्या तक्त्याला आणि २ शिक्क्याला गेले, की प्रोग्रामला उरतात ४४६. एवढ्यात सविस्तर एरर मेसेज कुठून लिहिणार? म्हणून लिलो एकेक टप्पा पार पडला की नावातलं एकेक अक्षर छापायचा. 'एल' म्हणजे पहिला भाग सुरू झाला. 'आय' म्हणजे दुसरा भाग डिस्कवरून उचलला. तिथेच अडकलं तर उचललेलं चालवता आलं नाही, बहुतेक वेळा भलताच सेक्टर हाती लागला म्हणून. मला तरी ही फार हुशार युक्ती वाटते.

पण भलताच सेक्टर का? त्यासाठी आयबीएम पीसीच्या (१९८१) काळात जावं लागतं. बायॉसकडे सेक्टर मागायचा तर पत्ता तीन आकड्यांत द्यायचा: सिलिंडर, हेड, सेक्टर. सिलिंडरला १० बिट, म्हणजे जास्तीत जास्त १०२४. १९८३ च्या पीसी एक्सटीमधल्या १० एमबीच्या डिस्कला ३०६ सिलिंडर होते, तेव्हा १०२४ म्हणजे चैनच! हेड २५५ आणि सेक्टर ६३ धरले की गुणाकार येतो ८.४ जीबी. १९९० चं दशक संपता संपता घरच्या डिस्कने ही मर्यादा ओलांडली. शिवाय मोठ्या डिस्कचे आकडे बायॉस एका हिशेबाने सांगायचा आणि लिनक्स दुसऱ्या. एकाला हेड २५५ दिसायचे तर दुसऱ्याला १६. लिलो पत्ते लिहून ठेवायचा लिनक्सच्या हिशेबाने आणि सुरू होताना विचारायचा बायॉसला. विंडोज डिस्कच्या पुढच्या भागात, ती सुखरूप. लिनक्स मागच्या भागात, तिथे घोळ. म्हणजे घरच्यांच्या फायली सांभाळायला जो मागच्या जागेत गेला, त्यालाच फटका बसण्याची शक्यता जास्त.

'एल आय'चा अर्थ लिलोच्या माहितीपुस्तिकेत व्यवस्थित दिला होता. ती पुस्तिका होती त्याच न उघडणाऱ्या डिस्कवर! नेटवर शोधायला दुसरं मशीन नाही. मग यायचा हार्डवेअरवाला आणि एका वाक्यात निकाल द्यायचा: फॉरमॅट मारावा लागेल. नेरूळला आमच्या काकांकडे २००० साली हेच झालं. सोसायटीचे तीन वर्षांचे हिशेब गेले. पुढे कित्येक महिने काका बिलांच्या फायली घेऊन वहीत आकडे उतरवत बसायचे, आणि दोष मात्र स्वतःलाच द्यायचे.

आता गंमत ऐका. हिशेब जागेवरच होते. लिलोने बदलले होते फक्त ते ४४६ बाइट. विंडोज ९८ ची बूट फ्लॉपी घालून 'एफडिस्क /एमबीआर' एवढी एकच कमांड दिली असती, तर विंडोज पुन्हा उभी राहिली असती.

लिलोचा आजार नंतर बरा झाला. २००० च्या सुमारास 'एलबीए३२' पर्याय आला, आणि २००१ च्या रेड हॅट ७.२ मध्ये ग्रब हा दुसरा बूटलोडर मुख्य झाला. त्याच सुमारास मुंबईच्या एनसीएसटीत 'इंडिक्स' नावाचं काम चालू होतं, लिनक्सवर भारतीय लिपी दिसाव्यात म्हणून. (मशीन सुरू झालं तर दिसणार ना!) ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. खारघर स्टेशनसमोरचं सी-डॅकचं केंद्र तुमच्यापैकी अनेकांनी लोकलमधून पाहिलं असेल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुन्या मशीनवर लिनक्स टाकणाऱ्यांचे फोन मला पुन्हा यायला लागले. आता १०२४ सिलिंडरचा प्रश्न नाही. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलेली आणि पेन ड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने सुरू केलेला, हे भांडण जास्त दिसतं. विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' चालवा, 'बायॉस मोड' ही ओळ बघा आणि पेन ड्राइव्हही त्याच मोडमध्ये सुरू करा. मशीन आधीच अडकलं असेल, तर फॉरमॅटला हो म्हणण्याआधी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करून फायली दिसतात का ते पाहा. बहुतेक वेळा दिसतात.