घुमटाखालची बदलती प्रदर्शने

मुंबईच्या काळा घोडा परिसरात सर कावसजी जहांगीर या नावाशी निगडित अशी दोन कलादालने हाकेच्या अंतरावर आहेत. १९५२ साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी चित्रकारांना आठवड्याच्या भाडेपट्टीने जागा देते. तिथे पाळी यावी म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. दुसरे दालन, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट (एनजीएमए), केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. तिथे जागा विकत मिळत नाही. कोणाचे काम दाखवावे, किती दाखवावे आणि का दाखवावे, हे कोणीतरी ठरवावे लागते. या दालनाचा सारा इतिहास 'हे ठरवायचे कोणी?' या प्रश्नाभोवती फिरतो.

एनजीएमएची इमारत १९११ मधली, वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची. सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह म्हणून ती ओळखली जाई. सभा आणि संगीताच्या मैफली यांनी गाजलेल्या या सभागृहाला पुढे उतरती कळा लागली. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार मेळावे, विक्रीमेळे, लग्नसमारंभ अशा कशासाठीही ते भाड्याने जाऊ लागले. मुंबईला आधुनिक कलेचे सार्वजनिक दालन हवे, हा आग्रह शिल्पकार पिलू पोचखानवाला, केकू गांधी आदींनी लावून धरला. बाह्यरूप तसेच ठेवून रोमी खोसला यांनी आतल्या पोकळीत एकावर एक अर्धवर्तुळाकार मजले रचले. हे काम तब्बल बारा वर्षे चालले. अखेर १९९६ मध्ये दालन खुले झाले, ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप आणि त्यांच्या सहप्रवाशांच्या प्रदर्शनाने. हुसेन, रझा, सूझा यांची चळवळ याच शहरात जन्मली होती; तेव्हा प्रारंभ औचित्यपूर्णच म्हणायचा.

पुढील दोन दशकांत या जिन्यांवरून प्रेक्षक फार वेगवेगळ्या कारणांसाठी चढले. २००२ मध्ये फ्रान्समधील संग्रहांतून पिकासोची चित्रे आली. जहांगीर सबावाला यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींवर एरवी शास्त्रज्ञांनाच दिसणारा चित्रसंग्रह इथे सर्वांसाठी मांडला गेला. २०१६ साली तर चित्रे बाजूला ठेवून स्वातंत्र्योत्तर भारतीय वास्तुकलेचा आढावा घेतला गेला. त्याचे नियोजन राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे आणि कैवान मेहता यांनी केले होते.

अशा प्रदर्शनाची तयारी सोपी नसते. खासगी संग्राहकांकडून चित्रे मागून आणायची, त्यांचा विमा उतरवायचा, कालक्रम लावायचा, सूचिग्रंथ छापायचा. चित्रकाराचे सहा दशकांचे काम खालच्या मजल्यापासून घुमटापर्यंत उलगडत नेण्यासाठी सगळेच मजले लागतात.

२०१९ चा वाद त्यातूनच उद्भवला. प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन ८ फेब्रुवारीला होते. 'कोरा कॅनव्हास' लिहिणारे बरवे मराठी वाचकांनाही परिचित. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेले अमोल पालेकर तिथे बोलायला उभे राहिले. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती नोव्हेंबर २०१८ पासून राहिली नाही, यापुढचे निर्णय दिल्लीत होणार, असा मुद्दा त्यांनी मांडला. बरवे यांच्याविषयी बोला, असे सांगून त्यांना व्यासपीठावरच वारंवार अडवण्यात आले आणि त्याची देशभर बातमी झाली. सुहास बहुळकर यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीची मुदत संपली होती, अशी दुसरी बाजू मांडली गेली.

बातमीच्या गदारोळात खरा मुद्दा काहीसा झाकोळला. बहुतेक मजले संस्थेच्या स्वतःच्या संग्रहाला देऊन तात्पुरत्या प्रदर्शनांसाठी केवळ घुमटाखालची जागा ठेवण्याच्या विचाराने कलावंत अस्वस्थ झाले होते. या विचाराला काहीच आधार नव्हता असे नाही. संग्रह जनतेच्या पैशातून जमलेला असतो आणि तो गोदामात पडून राहणे इष्ट नव्हे. नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्याहून सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी धरून आयुष्यात एकदाच मुंबईला येणाऱ्या कलाविद्यार्थ्याला त्या महिन्यात जे लागले असेल तेच पाहून परतावे लागते. अमृता शेरगिल किंवा गायतोंडे त्याला दिसतीलच याची हमी नाही. मात्र घुमटाखाली एखाद्या चित्रकाराचा कालखंड मावेल, कारकीर्द मावणार नाही. शिवाय दिल्लीच्या जयपूर हाऊसमध्ये १९५४ पासून जे दालन आहे, त्याची छोटी प्रत मुंबईत करण्याने फारसे काही साधत नाही.

वादानंतर बदलती प्रदर्शने थांबली नाहीत, हे नोंदवायला हवे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुधीर पटवर्धन यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झाले. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता लोकलमधली, चाळीतली, पुलावरची माणसे रंगवणाऱ्या या चित्रकाराचे शहर त्या शहरातच पाहायला मिळाले. पाठोपाठ मार्च २०२० मध्ये मेहली गोभाई यांचे करडे-तपकिरी अमूर्त कॅनव्हास लागले. गोभाई २०१८ मध्येच निवर्तले होते. ते प्रदर्शन उघडून थोडेच दिवस झाले होते, तोच करोनामुळे दालनाची दारे बंद झाली.