झुंबर आणि हत्ती

ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील दरबार दालनाविषयी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. छताला दोन प्रचंड झुंबरे टांगावयाची होती. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन. छत एवढा भार सोसेल की नाही हे पाहण्यासाठी म्हणे उतार रचून वर हत्ती चढविण्यात आले. हत्तींच्या संख्येविषयी सांगणाऱ्यांचे एकमत नाही, आणि आख्यायिकेला त्याची गरजही नसते. या कथेत जयाजीराव शिंदे आहेत, छत आहे, हत्ती आहेत. झुंबर घडविणारा मात्र कोठेच नाही.

इंग्लंडमधील सरदारवाड्यांतही फारसे निराळे घडले नाही. तेथील सोनेरी ब्राँझच्या दीपसामग्रीत बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनचे नाव राहिले, याचे एक कारण त्याचे दप्तर टिकले. १७६८च्या सुमारास त्याने हे काम हाती घेतले. तिसऱ्या जॉर्ज राजासाठी दीपपात्रे घडविली. १७७१ मध्ये लंडनला लिलाव मांडला. कीर्ती मिळाली, नफा मात्र मिळाला नाही. त्याच्या भट्टीपाशी बसणाऱ्या मुलामा-कारागिरांची आठवण तर मालकाच्या नावामागेच झाकली गेली.

त्यांचे काम जीवघेणे होते. सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप ब्राँझवर चढवावयाचा आणि वस्तू तापवावयाची. पारा वाफ होऊन उडून जाई, सोने धातूला चिकटून राही. मग अकीकाने घासून झिलई द्यावयाची. ती वाफ कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरणे, दात गळणे हे या धंद्याचे ओळखीचे भोग होते. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्याच एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे एकस्व घेतले, तेव्हा कोठे पाऱ्याचे राज्य ओसरू लागले. दिवाणखान्यातील त्या मंद सोनेरी तेजाचे कौतुक करणाऱ्या ग्रंथांतून हा भाग बहुधा एका वाक्यात आटोपतो.

पुढे रुची पालटली आणि धातूवर काचेने मात केली. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर पेढीने १८५१च्या लंडन प्रदर्शनात २७ फूट उंचीचे स्फटिककाचेचे कारंजे उभे केले. त्याआधीच, १८४०च्या दशकात, तिचे दालन कलकत्त्यात उघडले होते. संस्थानिकांची हौस तिने अचूक हेरली होती.

जयविलास उभा राहिला तो १८७४ मध्ये, सर मायकेल फिलोज यांच्या आराखड्यानुसार; प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५-७६च्या भारतभेटीचा प्रसंग समोर होता. त्याआधी चारच वर्षे, १८७० मध्ये, जबलपूर येथे मुंबईची आणि कलकत्त्याची रेल्वे एकमेकींना मिळाली होती. भोसल्यांच्या हातून १८१७ मध्ये गेलेले हे नर्मदाकाठचे नगर आता दोन बंदरांमधला दुवा झाले. ग्वाल्हेरपर्यंत मात्र लोहमार्ग तेव्हा पोचला नव्हता. अवजड सामानाला अखेरचा टप्पा बैलांच्या भरवशावरच काढावा लागे.

एवढे मोठे झुंबर अखंड येत नसते. पेट्या उघडावयाच्या, पेंढ्यातून लोलक निवडावयाचे, दांड्या जुळवावयाच्या, तारेने एकेक लोलक ओवावयाचा आणि मग साखळ्यांवर सारा डोलारा इंचाइंचाने वर न्यावयाचा. प्रासादाचा काही भाग आता संग्रहालय आहे. दरबार दालनात पाहुणे मान वर करून उभे राहतात, आणि वाटाड्या हत्तींची गोष्ट सांगू लागतो.