लहान मुलांच्या ब्रेनस्टेममधील गाठ: निदान, उपचार आणि योजनेचा लाभ (जयनगर, बेंगळुरू)

मूल अचानक तिरळे पाहू लागले, एकाचे दोन दिसतात म्हणू लागले, चालताना तोल जाऊ लागला, चेहऱ्याची एक बाजू ओघळली किंवा पाणी पिताना वारंवार ठसका लागला, तर नुसता चष्मा करून थांबू नका. सकाळी डोके दुखून उलटी होणे हेही धोक्याचे लक्षण आहे. जयनगर जनरल हॉस्पिटल या सरकारी रुग्णालयात मुलाला दाखवा. जवळच होसूर रोडवर मेंदूविकारांसाठी निम्हान्स आणि कर्करोगासाठी किदवाई संस्था आहे.

ब्रेनस्टेम म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा भाग. श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल येथूनच चालते. निदानासाठी एमआरआय लागतो. सीटी स्कॅनमध्ये येथील लहान गाठ निसटू शकते.

सर्व गाठी सारख्या नसतात. एका जागी मर्यादित, हळू वाढणारी गाठ काही वेळा शस्त्रक्रियेने काढता येते आणि अशी अनेक मुले पुढे वर्षानुवर्षे जगतात. डीआयपीजी हा प्रकार मात्र निरोगी पेशींत मिसळून पसरतो. तो कापून काढता येत नाही. डॉक्टर ऑपरेशनला नाही म्हणाले, तर ते पैशांअभावी टाळले असे समजू नका, आणि दुसरीकडे ऑपरेशन करून घेण्यासाठी जमीन विकू नका. यात मुख्य उपचार रेडिएशन: आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे. त्याने त्रास कमी होतो, काही महिने मिळतात. पण आजार बहुधा परततो आणि बहुतेक मुले निदानानंतर दोन वर्षांपलीकडे जगत नाहीत. डोक्यात पाणी साठले तर शंट बसवतात.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मोफत आहेत. एपीएल कुटुंबाला पॅकेज दराच्या ३० टक्के मदत मिळते, वर्षाला कमाल १.५ लाख. खासगी रुग्णालयात नियोजित उपचारांसाठी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. तातडीच्या वेळी त्यासाठी थांबू नका.

महाराष्ट्रातून आला असाल तर पीएम-जय आयुष्मान कार्ड येथील संलग्न रुग्णालयातही चालते. कार्ड मुलाच्या स्वतःच्या नावाचे हवे, वडिलांचे दाखवून भागत नाही. भरती होण्यापूर्वीच आरोग्यमित्राला भेटा. पीएम-जयमध्ये भरतीपूर्वीचे फक्त तीन दिवस धरले जातात, त्यामुळे आधी बाहेर केलेल्या एमआरआयचा खर्च बहुधा परत मिळत नाही. अडचण आल्यास १४५५५ वर फोन करा.

आजार परतल्यावर वेदना, गिळण्याचा त्रास यांसाठी उपशामक उपचार मागा. ते रेडिएशन सुरू असतानाही घेता येतात. राहण्याच्या सोयीची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करा.