यंत्रांच्या मरणाची नोंद

माणूस जन्मला की नोंद होते आणि गेला की नोंद होते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात दोन्ही सापडतात. घरातला रेडिओ, टीव्ही, फ्रीज यांच्या जन्माची नोंद दुकानदाराच्या बिलात असते, पण मरणाची नोंद बहुधा कुठेच नसते. मग देशात दरवर्षी इतके लाख टन ई-कचरा निघतो, हा आकडा येतो कुठून? श्रोतेहो, आज या मोजणीचा इतिहास मी आपल्या सातारा-सांगलीच्या अंगाने सांगणार आहे.

एक काळ असा होता, की जिवंत यंत्रांची शिरगणती पोस्टात होत असे. १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना सक्तीचा झाला. रेडिओ घेतला की पोस्टातून परवान्याचे पुस्तक घ्यायचे आणि दरवर्षी फी भरून ते नवे करून आणायचे. संच कायमचा बंद पडला की फी भरणेही थांबे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात सुमारे पावणेतीन लाख रेडिओ होते, असे सांगितले जाते. अशी संख्या सांगता येत होती, ती अशा नोंदींमुळेच. या हिशेबातून चोरून वापरलेले संच निसटत, हे खरे. तरीही कोणत्या गावात किती यंत्रे बोलती आहेत, याचा अंदाज त्या पुस्तकांवरून बांधता येत होता.

आपल्याकडे कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीज १९६२ मध्ये सुरू झाली आणि १९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले. खेड्याखेड्यांत वीज पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली. त्याआधीचे व्हॉल्व्हचे रेडिओ म्हणजे लाकडी पेटी, आत पत्र्याचा सांगाडा आणि त्यात खोचलेल्या काचेच्या नळ्या. नळी गेली की ती उपसून दुसरी बसवायची. असा संच दुरुस्त करत करत वीस-पंचवीस वर्षे वापरणारी घरे मी पाहिली आहेत. मग ट्रान्झिस्टर आला. तो बॅटरीच्या सेलवर चाले, म्हणून वीज नसलेल्या वस्तीवरही पोहोचला. मुंबईच्या गिरणीत असलेला भाऊ नवा संच घेई आणि जुना गावाकडे पाठवी. तिथे तो आणखी काही वर्षे गोठ्यात, मळ्यात वाजत राही. एकाच यंत्राला असे दोन-तीन संसार मिळत.

१९८० च्या दशकाच्या मध्यास परवान्याची पद्धत गेली. सामान्य माणसाची एक कटकट संपली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर जिवंत यंत्रांची नोंदही बंद पडली, आणि तीही नेमकी अशा वेळी, की १९८२ च्या रंगीत दूरदर्शननंतर घरोघरी संच येऊ लागले होते.

ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम झाले २०११ मध्ये आणि ते लागू झाले मे २०१२ पासून. पुढे २०१६ मध्ये ते सुधारले गेले. नोंदवही नव्हती, म्हणून मोजणीसाठी सरकारने हिशेबाची रीत घेतली. प्रत्येक वस्तूला सरासरी आयुष्य ठरवून दिले. फ्रीजला १० वर्षे, संगणकाला ६ वर्षे, लॅपटॉपला ५ वर्षे. २०१५ मध्ये १००० फ्रीज विकले गेले असतील, तर २०२५ मध्ये ते १००० फ्रीज कचऱ्यात आले असे धरायचे. त्यातून उत्पादकाने किती माल परत गोळा करायचा, याचे उद्दिष्ट निघते. गंमत म्हणजे २०११ आणि २०१६ च्या याद्यांत टीव्ही होता, पण रेडिओ नव्हता. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत वस्तूंची संख्या २१ वरून १०६ वर गेली, तेव्हा कुठे रेडिओला जागा मिळाली. तोवर व्हॉल्व्हच्या आणि ट्रान्झिस्टरच्या दोन पिढ्या कोणी न मोजताच भंगारात गेल्या होत्या.

सरासरी हा आकडा कामाचा आहे, पण त्यात आपला मुलूख पुरता बसत नाही. साताऱ्यात बंद पडलेला टीव्ही माणमधल्या वस्तीवर पुन्हा चालू होतो. जुना मोबाइल फळीवरच्या डब्यात वर्षानुवर्षे पडून राहतो. तो ना जिवंत, ना मेलेला. उलट कृष्णेचा पूर एका रात्रीत सगळे हिशेब मोडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर मी पाहिले, गल्लीगल्लीत चिखलाने भरलेले फ्रीज, टीव्ही, मिक्सर यांचे ढीग पडले होते. त्यात आदल्या दिवाळीत घेतलेली वस्तूही होती आणि पंधरा वर्षांची जुनीही. दहा वर्षांचे आयुष्य धरलेला फ्रीज दुसऱ्या वर्षीच गेला, तर तो सूत्रात दिसणार आणखी आठ वर्षांनी. पूर २००५ मध्ये आला होता आणि २०२१ मध्येही आला. म्हणून आपल्या जिल्ह्यांत हा फरक वरचेवर पडणार आहे.

आकडा चुकला तर बिघडते काय? जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते, जोडकामाच्या डाकातही शिसे असते. भंगार किती येणार हे ठाऊक नसेल, तर ते नीट हाताळण्याची सोय कोण उभी करणार? मग तारा उघड्यावर जाळल्या जातात, तांबे काढून घेतले जाते, आणि धूर राहतो शेजाऱ्यांच्या वाट्याला.

यात मोलही मोठे आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभरातल्या सराफ पेठांत सोने-चांदी गाळतात. सराफाच्या दुकानातल्या धुळीतून सोन्याचा कण वेचणारे झारेकरी आपल्याला परके नाहीत. टनभर जुन्या मोबाइलमध्ये खाणीतल्या टनभर दगडापेक्षा कितीतरी जास्त सोने असते. पण आम्लाने धातू वेगळे करणे हे जोखमीचे काम आहे. सोय नसलेल्या खोलीत केले, तर सोने निघते आणि माणसाचे फुप्फुस जाते.

जगभरात २०२२ मध्ये ६२० लाख टन ई-कचरा निघाला. त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. तेव्हा आपण आपल्यापुरते दोन गोष्टी करू. वस्तू घेतल्यावर तिच्या पाठीवर खरेदीचे साल लिहून ठेवू. आणि ती टाकताना न फोडता, अधिकृत संकलनात देऊ आणि पावती मागू. नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने वस्तू, तिचे साल आणि ती का टाकली एवढे तीन रकाने ठेवले, तरी पाच वर्षांत सातारा-सांगलीचा स्वतःचा आकडा तयार होईल. पुरानंतरच्या ढिगांचीही त्यातच नोंद व्हावी.