मालेगावचा सुपरमॅन आणि भविष्यावरील हक्क : खानदेशी चित्रपटातील विज्ञानकल्पनेचा एक अभ्यास

प्रास्ताविक

मराठीत विज्ञानकथेचा विचार प्रामुख्याने वाङ्मयाच्या अंगाने झालेला आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धांच्या माध्यमातून या प्रकाराला लेखक आणि वाचक मिळवून दिले. १९७४ च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आलेली 'कृष्णविवर' ही कथा डॉ. जयंत नारळीकरांची होती, ही हकिकत सर्वपरिचित आहे. २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले आणि विज्ञानकथेला साहित्याच्या मुख्य प्रवाहात मानाचे स्थान मिळाले. परंतु या कथांचा नायक कोण, असा प्रश्न केला तर उत्तर बरेचसे एकसारखे येते. तो बहुधा संशोधक असतो, प्रयोगशाळेत किंवा वेधशाळेत वावरतो, आणि त्याची भाषा प्रमाण मराठी असते.

संमेलन ज्या नाशिक जिल्ह्यात भरले, त्याच जिल्ह्यातील मालेगावात त्याआधी १३ वर्षे यंत्रमागावर काम करणारा एक किरकोळ अंगकाठीचा तरुण सुपरमॅन होऊन आकाशात उडाला होता. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि भविष्याची कल्पना करण्याचा अधिकार समाजात कोणाकडे असतो, हे पाहायचे झाल्यास दुसरी घटना अधिक बोलकी आहे. 'मालेगाव का सुपरमॅन' या चित्रपटाची नोंद आजवर 'विडंबन' आणि 'स्वस्तातला सिनेमा' या सदरांखाली झाली. विज्ञानकल्पनेच्या इतिहासातही त्याला स्थान असले पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वगळलेल्यांचे भविष्य

ज्यांना वर्तमानात स्थान नाही त्यांनी भविष्यात आपले स्थान कल्पावे, ही प्रेरणा जुनी आहे. संत रविदासांनी कल्पिलेले बेगमपुरा हे दुःखरहित, करमुक्त नगर या परंपरेच्या प्रारंभी ठेवता येते. गेल ऑम्व्हेट यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात जातिविरोधी विचारवंतांच्या आदर्श समाजाच्या कल्पनांचा मागोवा घेताना याच नगराचे नाव शीर्षकात घेतले. १९०५ मध्ये बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज् ड्रीम' ही इंग्रजी कथा लिहिली. तीत स्त्रिया सौरशक्तीचा वापर करतात, आकाशयानातून प्रवास करतात आणि पुरुष पडद्याआड राहतात. शतकानंतर, २०१८ मध्ये, न्यूयॉर्कस्थित चित्रकार चित्रा गणेश यांनी याच कथेवर २७ लिनोकट मुद्राचित्रांची मालिका केली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांच्या अशा निर्मितीला १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात 'आफ्रोफ्युचरिझम' ही संज्ञा मिळाली. अलीकडे मूळच्या तमिळनाडूतील चित्रकार ओशीन सिवा यांनी गोव्यात राहून दलित आणि तमिळ भविष्यवादाची चित्रे रंगवली आहेत.

या सर्व कलावंतांना आपण काय करीत आहोत याची वैचारिक जाणीव आहे. मालेगावच्या मंडळींनी अशी कोणतीही संज्ञा वापरली नाही. त्यांना लोकांना हसवायचे होते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हेतूइतकाच परिणामही पाहावा लागतो.

मालेगाव आणि खानदेश

प्रशासकीय नकाशावर मालेगाव खानदेशात येत नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु १८६९ मध्ये नाशिक जिल्ह्याची निर्मिती होईपर्यंत मालेगाव खानदेश जिल्ह्याचाच भाग होते. धुळ्यापासून ते मुंबई-आग्रा मार्गावर सुमारे ५० किलोमीटरवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १८५७ नंतरच्या काळात, उत्तर भारतातून विस्थापित झालेली विणकर कुटुंबे येथे स्थिरावली. हातमागाच्या जागी पुढे यंत्रमाग आले. मोसम नदीच्या एका अंगाला मुख्यत्वे मुस्लिम आणि दुसऱ्या अंगाला मुख्यत्वे हिंदू वस्ती, अशी शहराची विभागणी झाली. येथील बोलीत उर्दू, हिंदी, मराठी आणि अहिराणी यांची सरमिसळ आहे. मालेगावची मंडळी आपल्या विनोदी निर्मितीला आजही 'खानदेशी' हेच विशेषण लावतात. ते त्यांनी कोणत्याही गॅझेटियरला विचारून लावलेले नाही.

यंत्रमाग कामगाराची सुटी शुक्रवारी असते आणि शुक्रवारचा सिनेमा हा त्याच्या जीवनक्रमाचा भाग राहिला. व्हिडिओ पार्लरच्या काळात हा शौक आणखी स्वस्त झाला. असेच एक पार्लर चालविणाऱ्या शेख नासिर यांनी दोन व्हीसीआर जोडून चित्रफितीतील दृश्ये कापण्या-जोडण्याचे तंत्र स्वतःच अवगत केले. २००० मध्ये त्यांनी 'मालेगाव के शोले' तयार केला. त्यासाठी सुमारे ५०,००० रुपये खर्च आला आणि स्थानिक पार्लरमध्ये तो महिनोन्‌महिने गाजला. लेखक फरोग जाफरी, लेखन-छायाचित्रण-अभिनय अशा अनेक बाजू सांभाळणारे अक्रम खान आणि मित्रपरिवार ही या निर्मितीची यंत्रणा होती. कॅमेऱ्याला गती देण्यासाठी सायकल, तर उंची देण्यासाठी बैलगाडी वापरण्यात आली. ही साधने पाहून शहरी समीक्षकाला कौतुकमिश्रित हसू येते. पण मागाचा सुटा भाग मिळत नाही म्हणून यंत्र बंद ठेवणे ज्या गावाला परवडत नाही, त्या गावाची ही रोजची कार्यपद्धती आहे.

सुपरमॅनचे स्थलांतर

मूळ सुपरमॅन ही स्थलांतरितांचीच निर्मिती आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुले. त्यांचा नायक १९३८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नष्ट झालेल्या ग्रहावरून आलेले आणि परक्या भूमीत वाढलेले मूल ही त्याची जन्मकथा आहे. विस्थापित विणकरांच्या गावात तो ७० वर्षांनी पोचला, तेव्हा एका अर्थी तो योग्य ठिकाणी आला. मालेगावच्या मंडळींनी हे साम्य मनात धरले होते असे म्हणण्यास आधार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही.

सुपरमॅनची भूमिका शफीक शेख या यंत्रमाग कामगाराने केली. अमेरिकी चित्रपटातील भरदार शरीराच्या ठिकाणी येथे हडकुळा देह आला आणि चड्डीची नाडी बाहेर लोंबत राहिली. विनोद येथूनच निर्माण होतो, परंतु तो तेवढ्यावर थांबत नाही. या सुपरमॅनला उडताना दम लागतो, कारण शहराची हवाच दूषित आहे. त्याचा प्रतिस्पर्धी परग्रहावरचा नाही. त्याला घाण प्रिय आहे आणि लोकांनी तंबाखू खाऊन जागोजागी थुंकावे असे त्याला वाटते. हॉलिवूडचा नायक महानगर वाचवतो. या नायकासमोर मात्र तुंबलेली गटारे, धूर आणि तंबाखू आहे. विज्ञानकल्पनेचे परिमाण बदलून ते नगरपालिकेच्या हद्दीपर्यंत आणले गेले, आणि त्यामुळेच ते प्रेक्षकाला आपले वाटले.

उड्डाणाची दृश्ये हिरव्या कापडासमोर चित्रित करून संगणकावर पार्श्वभूमी बदलण्यात आली. हेच क्रोमा तंत्र मोठ्या स्टुडिओंतही वापरले जाते. येथे ते कापड विणणाऱ्यांच्या गावात कापडाच्या साहाय्याने उभे राहिले. तंत्रज्ञान वापरणाऱ्याचे स्थान बदलले की कथेतील नायकाचा देह, बोली आणि शत्रूही बदलतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. समावेशक भविष्याची चर्चा करताना पात्रांच्या यादीत कोण आहे एवढेच पाहून भागत नाही. कॅमेरा कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्याआधी विचारावा लागतो.

काळाचा संदर्भही विसरता येणार नाही. ८ सप्टेंबर २००६ आणि २९ सप्टेंबर २००८ या दोन दिवशी मालेगावात बॉम्बस्फोट झाले. या वर्षांत देशाच्या वृत्तपत्रांत हे शहर स्फोट, तपास आणि अटक याच शब्दांबरोबर छापले गेले. फैजा अहमद खान यांनी या चित्रपटाच्या निर्मितीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ मध्ये पूर्ण केला, त्यात शहराचे वेगळे चित्र आले. नदीच्या दोन्ही अंगांचे लोक एका चित्रीकरणात राबत आहेत, हे दृश्य त्या वर्षी अन्यत्र फारसे दिसत नव्हते. माहितीपट भारतातील निवडक चित्रपटगृहांत लागण्यास २०१२ साल उजाडले. त्यापूर्वीच, २०११ मध्ये, तोंडाच्या कर्करोगाने शफीक शेख यांचे निधन झाले होते.

मर्यादा

या प्रयोगाचे गुणगान करताना त्याची सर्वांत मोठी उणीव झाकून ठेवणे योग्य नाही. मालेगावच्या या भविष्यात मालेगावची स्त्री नाही. नायिकेच्या भूमिकेसाठी बाहेरगावहून अभिनेत्री बोलवाव्या लागत, कारण गावातील स्त्रियांनी पडद्यावर येणे समाजाला मान्य नव्हते. व्हिडिओ पार्लरचा प्रेक्षकही मुख्यतः पुरुषच होता. म्हणजे उडण्याचा अधिकार कामगाराला मिळाला, परंतु त्याच घरात बसून कांड्या भरणाऱ्या स्त्रीला तो मिळाला नाही. रुकय्यांच्या कथेत १०० वर्षांपूर्वी आकाशयान स्त्रियांच्या हाती होते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. परंपरेचा अडथळा असे म्हणून हा प्रश्न सोडवता येत नाही, कारण त्याच परंपरेने परदेशी सुपरमॅनला विनातक्रार सामावून घेतले होते.

दुसरी मर्यादा नंतरच्या काळातील आहे. पार्लर बंद पडल्यावर ही परंपरा यूट्यूबकडे वळली. कमी उंचीचा अभिनेता शफीक हा 'छोटू दादा' या नावाने तेथे मोठा लोकप्रिय ठरला. ज्या देहाला हिंदी चित्रपटाने बहुधा सर्कशीतील विदूषकाची जागा दिली, तो देह येथे 'दादा' झाला, ही गोष्ट लहान नाही. मात्र हसू त्याच्या करामतीला येते की उंचीला, हे प्रत्येक चित्रफितीत तपासून पाहावे लागते. शिवाय या चित्रफितींत विज्ञानकल्पना जवळपास उरलेली नाही. दररोजच्या विनोदाची मागणी तिला पुरेसा अवकाश देत नाही.

रीमा कागती दिग्दर्शित 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्याने नासिर, फरोग आणि शफीक यांची नावे सर्वदूर नेली. त्याचा भर मैत्रीवर आहे आणि तो सहृदय आहे. तरीही मालेगावची कथा सांगण्यासाठी पुन्हा मुंबईचा कॅमेरा आणि नामवंत नट लागले, ही वस्तुस्थिती राहतेच.

साधनांचा प्रश्न

अभ्यासकांपुढील तातडीची अडचण साधनांची आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांनी गावोगाव हिंडून मिळविलेले दप्तर सुरक्षित झाले. कागद शतकानुशतके टिकतो. चुंबकीय चित्रफीत काही दशकांतच खराब होऊ लागते, आणि ती चालविणारी यंत्रेही आता दुर्मीळ झाली आहेत. पार्लरची भित्तिपत्रके, तिकिटे, हस्तलिखित पटकथा, हिशेबाच्या वह्या आणि तंत्रज्ञांच्या मुलाखती यांचे संकलन जळगाव व धुळे येथील महाविद्यालयांच्या इतिहास, हिंदी, उर्दू आणि मराठी विभागांना एकत्र येऊन करता येईल. त्यातही बाहेरगावहून येऊन काम केलेल्या अभिनेत्रींच्या मुलाखतींना अग्रक्रम द्यावा लागेल, कारण उपलब्ध लेखनात त्यांचाच आवाज सर्वांत कमी आहे.