मुंबईच्या दूधपुरवठ्याचा इतिहास आणि उल्हास खोऱ्यातील लघुदुग्धव्यवसाय : सिम्युलेशन प्रतिमानाच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रस्तावना :
उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील शहरे उल्हास खोऱ्यात वसलेली आहेत. त्यांच्या भोवतालच्या गावांत भातशेतीला जोडधंदा म्हणून दोन-चार म्हशी पाळणारी कुटुंबे आहेत. शहराची वाढ झाली की दुधाची मागणी वाढते. परंतु मागणी वाढली म्हणजे लघुउत्पादक टिकतोच असे नाही. या विसंगतीची कारणे दूधपुरवठ्याच्या इतिहासात शोधणे व सिम्युलेशन प्रतिमानाची उपयुक्तता तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मुंबईतील तबेल्यांत व्यायलेली म्हैस बाहेरगावाहून विकत आणली जाई. ती आटली की भाकड काळात पोसणे परवडत नसे, म्हणून अनेकदा ती कत्तलखान्याकडे जाई. पारड्यांचीही आबाळ होई. परिणामी उत्तम दुधाळ जनावरांचा वंशच खुंटत असे. दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दूध वसाहत उभी राहिली. तबेले शहराबाहेर गेले, स्वच्छता सुधारली. परंतु भाकड जनावराचा आर्थिक प्रश्न केवळ स्थलांतराने सुटणारा नव्हता.

त्याच सुमारास गुजरातेत निराळा प्रयोग आकारास आला. १९४६ मध्ये स्थापन झालेला खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ मुंबईला दूध पाठवीत असे. हिवाळ्यातील पुष्टकाळात जादा दूध मुंबई घेऊ शकत नसे. या अडचणीतून १९५५ मध्ये आणंद येथे म्हशीच्या दुधाची भुकटी व लोणी तयार करणारा कारखाना सुरू झाला. १९७० मधील दूधमहापूर योजनेने ग्रामीण दूधक्षेत्रे महानगरांशी जोडली. ‘जनावर शहरात’ याऐवजी ‘जनावर गावात, दूध शहरात’ हे सूत्र रूढ झाले.

मात्र भावाची अस्थिरता संपली नाही. भुकटीचे दर कोसळल्याने २०१८ मध्ये महाराष्ट्रात दूध आंदोलन झाले व शासनाने प्रतिलिटर ५ रुपये अनुदान जाहीर केले. २०२४ मध्ये गायीच्या दुधासाठी पुन्हा तशाच अनुदानाचा आधार घ्यावा लागला. प्रत्येक वेळी उपाय आजच्या दुधावर झाला. कळपाचा विचार मागे राहिला.

प्रतिमानाचे स्वरूप :
अमेरिकेतील जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या ग्रंथात साठा, प्रवाह व विलंब या संकल्पनांवर आधारित पद्धती मांडली. दुग्धव्यवसायात पारड्या, दुभती व भाकड जनावरे हे साठे होत. वेत, आटणे, खरेदी व विक्री हे प्रवाह होत. म्हशीचा गाभणकाळ सुमारे दहा महिन्यांचा असून पारडी प्रथम विण्यास साधारणतः साडेतीन ते चार वर्षे लागतात. म्हणजे आज घेतलेल्या निर्णयाचे दूध साडेचार-पाच वर्षांनी मिळते. दर मात्र काही महिन्यांत बदलतात. दर पडताच विकलेली म्हैस दर चढताच परत येत नाही.

एक उदाहरण घेता येईल. समजा, एका कुटुंबाकडे सहा म्हशी असून प्रत्येक म्हैस एका वेतात दहा महिने दूध देते. दोन वेतांतील अंतर अठरा महिने असल्यास सरासरी ३.३ म्हशी दुभत्या असतात; ते पंधरा महिन्यांवर आल्यास ४ म्हशी दुभत्या राहतात. त्याच कळपातून सुमारे २० टक्के अधिक दूध मिळते. वेळेवर रेतन व भाकड काळातील सकस वैरण यांवर केलेला खर्च दरवाढीइतकाच फलदायी ठरू शकतो, हे यावरून ध्यानात येते.

स्थानिक वास्तव :
फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून १९४९ मध्ये उल्हासनगर नावारूपास आले. अंबरनाथला उद्योग आले. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मधील सुमारे ९८ हजारांवरून २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. ग्राहक दारात आला, पण चराऊ रान व वैरणीची जमीन घरबांधणीखाली जाऊ लागली. भाताचा पेंढा मुबलक असला तरी पोषणमूल्यात तो हलका. म्हणून ढेप विकत घ्यावी लागते. २६ जुलै २००५ चा पूर हा या खोऱ्यातील जोखमीचा आणखी एक पैलू होय. म्हणून येथील प्रतिमानात जमिनीची किंमत, विकतची वैरण व पूर हे घटक समाविष्ट करणे अगत्याचे ठरते.

निष्कर्ष :
प्रतिमान हे भविष्यकथन नव्हे. नोंदी नसतील तर त्याची उत्तरे पोकळ ठरतात. आणि एकदा विकलेली जमीन कोणतेही गणित परत आणू शकत नाही. तथापि म्हैस विकावी की भाकड काळ सोसावा, हा निर्णय घेण्यापूर्वी त्याचे पाच वर्षांचे परिणाम उत्पादकासमोर मांडणे त्यामुळे शक्य होते. वेताची तारीख, दूध व वैरणखर्च यांच्या साध्या नोंदी ठेवण्यास परिसरातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र व संख्याशास्त्र विभागांनी साहाय्य केल्यास या कामाचा पाया घातला जाईल. आजच्या दुधाबरोबर उद्याचा कळपही मोजला पाहिजे, हाच मुंबईच्या दूधपुरवठ्याच्या इतिहासाचा बोध आहे.