पहिल्या नंबरची शाळा

माझी मावसबहीण अमेरिकेत मेरिलँड राज्यात राहते. घर घ्यायचे ठरले तेव्हा तिचा फोन आला. खोल्या किती, उजेड कसा, याविषयी एक अक्षर नाही. विचारले ते एवढेच, "दादा, तू मास्तर म्हणून विचारते. शाळेचा नंबर वर आहे, म्हणजे शाळा चांगलीच ना रे?" त्या देशात सरकारी शाळा बहुधा राहत्या वस्तीवरून मिळते, त्यामुळे नामांकित शाळेच्या आसपास घरांचे भावही चढलेले असतात. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही. पण इतकी वर्षे खडू झिजवल्यावर चटकन 'हो' म्हणवेना. त्या नंबरांच्या मागे लागलो आणि एक मोठा विलक्षण इतिहास हाती आला.

त्याची सुरुवात 1954 सालच्या मे महिन्यात आहे. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनेविरुद्ध आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. निकाल लागला खरा, पण वस्त्या वेगळ्या त्या वेगळ्याच राहिल्या, आणि वस्ती वेगळी म्हणजे शाळाही वेगळी. मग कोर्टाच्या हुकमाने मुलांना बसमध्ये बसवून दूरच्या शाळांत नेणे सुरू झाले. 1974 साली बॉस्टन शहरात तर शाळेच्या पोरांच्या बसगाड्यांवर दगड पडले!

सक्तीपेक्षा मोह बरा, हा विचार त्याआधीच काही ठिकाणी निघाला होता. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात मकार्व्हर नावाची प्राथमिक शाळा होती. तिच्यात बहुतेक मुले काळी. 1968 साली तिथे असे काही निराळे शिक्षण सुरू केले, की गोऱ्या आईबापांनी आपण होऊन मुले पाठवावीत. पुढे अशा शाळांना नाव पडले 'मॅग्नेट', म्हणजे लोहचुंबक. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी. चुंबक वाळूत फिरवला तर काय होते, हे आपण लहानपणी सर्वांनी पाहिले आहे. लोखंडाचा कीस तेवढा वर येतो, वाळू खालीच राहते.

माझ्या बहिणीच्याच राज्यात सिल्व्हर स्प्रिंग येथे मोंटगोमेरी ब्लेअर हायस्कूल आहे. 1985 साली तिथे गणित, विज्ञान व संगणक यांचा मॅग्नेट वर्ग निघाला. दरवर्षी पारखून घेतलेली सुमारे शंभर मुले त्यात येतात. देशभरातल्या विज्ञानस्पर्धांत या मुलांनी शाळेचे नाव गाजवले. त्यात खोटे काहीच नाही. पोरे खरोखर हुशार आणि शिक्षकही जिवाचे रान करणारे. पण त्याच छपराखाली दोन-अडीच हजारांहून अधिक मुले अशी शिकतात, की जी केवळ जवळ राहतात म्हणून तिथे आली आहेत. नाव मात्र साऱ्या शाळेचे एकच.

आणि मग आले नंबर. 1998 साली जे मॅथ्यूज या पत्रकाराने 'न्यूजवीक' साप्ताहिकात हायस्कुलांची यादी दिली. त्याचा हिशेब अगदी सोपा. शाळेतल्या मुलांनी कॉलेजच्या दर्जाच्या परीक्षा किती दिल्या ते मोजायचे आणि त्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांच्या संख्येने भागायचे. उत्तीर्ण किती झाले हा प्रश्नच नाही. हेतू चांगला होता. गरीब वस्तीतल्या शाळेनेही मुलांना कठीण परीक्षेला बसवावे, असे त्याला वाटे. सगळीच मुले निवडून घेणाऱ्या शाळा त्याने यादीतून वगळल्याही. परंतु ज्यांच्या पोटात मॅग्नेट आहे, त्या शाळांचे काय?

आपण पाटीवर मांडून पाहू. समजा, चारशे मुले बाहेर पडतात. त्यांतल्या मॅग्नेटच्या शंभरांनी प्रत्येकी आठ परीक्षा दिल्या, उरलेल्या तीनशेंनी एकेक. बेरीज अकराशे, भागाकार पावणेतीन. आता ती शंभर मुले उठवून दुसऱ्या शाळेत नेऊन बसवा. शाळा तीच, मास्तर तेच, तीनशे पोरेही तीच. भागाकार मात्र एक! ती शंभर मुले जिथून आली, त्या शाळांचाही भागाकार कधीच खाली गेलेला असतो.

2007 साली 'यू. एस. न्यूज' नियतकालिकाने आपली यादी काढली. पहिली आली व्हर्जिनियातील थॉमस जेफरसन शाळा, जिथे त्या काळी प्रवेशपरीक्षेतून गाळूनच मुले येत. पहिली येणार नाही तर काय होईल! अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पराग पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी 2014 साली एक निबंध छापला. बॉस्टन व न्यूयॉर्कच्या अशाच नामांकित शाळांत जेमतेम प्रवेश मिळालेली मुले आणि थोडक्यात हुकलेली मुले त्यांनी ताडून पाहिली. पुढच्या परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक आढळला नाही.

हे वाचले आणि मला माझी 'क' तुकडी आठवली. आमच्या शाळेचा निकाल गावात गाजे, पेढे वाटले जात, आणि फळ्यावर नावे झळकत ती सगळी 'अ' तुकडीची. 'अ'ला गणिताला हेडमास्तर स्वतः. आम्हाला ज्याचा तास रिकामा असेल तो. तरी कोणी विचारले, "कुठल्या शाळेत रे?" की मीही छाती फुगवून नाव सांगत असे. फुशारकीत आम्ही वाटेकरी होतो, हेडमास्तरांच्या गणितात नव्हतो.

बहिणीला म्हटले, "नंबर राहू दे. मॅग्नेटच्या बाहेरच्या मुलांना काय मिळते, एवढे विचारून ये." ती गेली. तेवढे आकडे वेगळे काढलेले नाहीत, असे हसतमुखाने उत्तर मिळाले. महिन्याने तिने घर घेतले. शाळा तीच. तिचा थोरला यंदा नववीत गेला. मॅग्नेटमध्ये त्याचा नंबर लागला नाही.

परवा त्याला फोनवर विचारले, "गणिताला कोण आहे रे तुम्हाला?"

"अजून ठरायचंय, मामा," तो म्हणाला.